दुःखकाळातील ख्रिस्ती उपासना
ख्रिस्ती उपासनेत स्तुतीइतकेच विलापालाही स्थान आहे. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. ‘देवाने मला का सोडले?’ हा येशूने वधस्तंभावर केलेला आक्रोशही २२व्या स्तोत्रातलाच. म्हणजेच देवाला जाब विचारणे ही अश्रद्धा नव्हे, तीही प्रार्थनाच.

सोलापुरात १९व्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८७६–७८ आणि १८९६–९७ च्या दुष्काळांत हा जिल्हा होरपळला. अशा काळातल्या मराठी मंडळ्यांना पुढे आपल्या चालीची गीते मिळाली. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-भजनांच्या वळणाची उपासनागीते रचली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या होत्या. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.