फितीवरची स्मृती

ताडपत्राला मर्यादित आयुष्य असते, ही गोष्ट तमिळ देशातील लेखनिकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. म्हणून पोथी जीर्ण होऊ लागली की तिची नवी प्रत उतरवून घेणे हा तेथील मठांचा आणि विद्वान घराण्यांचा नित्याचा व्यवहार होता. ज्या ग्रंथाला लेखनिक मिळाला तो जगला, ज्याला मिळाला नाही तो वाळवीच्या स्वाधीन झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) या पंडिताने गावोगाव हिंडून अशा पोथ्या मिळविल्या, त्यांतील पाठ ताडून पाहिले आणि १८८७ साली ‘जीवकचिंतामणि’ हे प्राचीन महाकाव्य छापून काढले. पुढे १९०३ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अध्यापक म्हणून आले आणि हे शहर त्यांच्या कार्याचे केंद्र बनले. त्याच काळात महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुन्या दप्तरांचे रुमाल सोडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापीत होते. मोडक्या पत्र्यावरील मजकूर टिकाऊ माध्यमावर उतरविणे, हेच दोघांचेही कार्य होते.

त्या मद्रासचे नाव १९९६ पासून चेन्नई झाले आहे. नकलेचा तो जुना व्यवहार या शहरात आज एका नव्या रूपात चालू आहे. या वेळी जीर्ण झाले आहे ते ताडपत्र नव्हे, तर चुंबकीय फीत. गेल्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे ज्या कॅसेटांत साठली आहेत, त्या कॅसेटांतील मजकूर संगणकावर उतरविण्याचे हे काम आहे. वरवर पाहता ते एखाद्या कारागिराचे काम वाटते, वस्तुतः ते इतिहासाच्या साधनांचे काम आहे.

चुंबकीय फितीची कथा फार जुनी नाही. लोखंडाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण पट्टीवर चिकटवून त्यांत ध्वनी साठविण्याची कल्पना १९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने पुढे आणली. चित्रे साठविणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ साली दाखविले. त्याची फीत दोन इंच रुंद होती आणि किंमत अशी, की केवळ प्रक्षेपण संस्थांनीच ते विकत घ्यावे. पुढे जपानी कारखान्यांनी फीत अरुंद केली आणि यंत्र लहान केले. १९७५ मध्ये बीटामॅक्स, १९७६ मध्ये व्ही.एच.एस. आणि १९८५ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीची व्हिडिओ-८ ही कॅसेट बाजारात आली. कॅमेरा आणि मुद्रणयंत्र एकाच पेटीत सामावले, तेव्हा त्या पेटीला कॅमकॉर्डर हे नाव मिळाले.

मद्रासमध्ये दूरदर्शनचे केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यानंतरच्या वर्षांत व्हिडिओ घरोघरी पोचला. ब्रह्मदेशातील राजकीय उलथापालथीनंतर परतलेल्या तमिळ कुटुंबांसाठी बंदराजवळ वसलेला बर्मा बाजार परदेशी यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला, तर माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे हात मिळू लागले. लग्न, उपनयन, कन्येचे भरतनाट्यमचे अरंगेट्रम, देवळातील रथोत्सव, मार्गळी महिन्यातील मैफल असे सारे प्रसंग फितीवर चढू लागले. राजेरजवाड्यांचा इतिहास शिलालेखांत आणि दप्तरांत सापडतो. परंतु सामान्य माणसाचे घर, त्याचा पेहराव, त्याच्या बोलण्याची लकब आणि त्याच्या गल्लीचा गोंगाट ही एरवी कोणत्याही दप्तरात न उतरणारी सामग्री अनेकदा या कॅसेटांतच आढळते.

आता ताडपत्र आणि फीत यांतील मूलभूत भेद पाहिला पाहिजे. ताडपत्र वाचण्यास डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरेसे होते. फीत मात्र यंत्रावाचून मुकी आहे. व्ही.एच.एस.ची अर्ध्या इंचाची पट्टी सेकंदाला सुमारे तेवीस मिलिमीटर या मंद गतीने सरकते आणि ६२ मिलिमीटर व्यासाचे एक पंचपात्र तिच्या अंगाशी सेकंदाला पंचवीस फेऱ्या घेते. त्याच्यावरील दोन शीर्षे प्रत्येक फेरीत पट्टीवर दोन तिरकस रेघा ओढतात, एकेका रेघेत अर्धे चित्र साठते आणि दोन अर्धी मिळून आपल्याकडील ६२५ ओळींचे एक पूर्ण चित्र होते. हे सारे घड्याळासारख्या अचूकपणे जुळले तरच प्रतिमा दिसते.

ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी ढासळते आहे. कणांना पट्टीशी बांधून ठेवणारे रासायनिक बंधन हवेतील ओल शोषून हळूहळू सुटते. फीत चिकट होते, तिच्यावर बुरशी धरते आणि कण झडून शीर्षांत अडकतात. समुद्रकाठच्या चेन्नईचे उष्ण व दमट हवामान या क्रियेस अनुकूलच आहे. दुसरीकडे यंत्रे संपत आहेत. व्ही.एच.एस. यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. जागतिक ध्वनि-दृश्य संग्रहालयांची संघटना आणि युनेस्को यांनी २०१९ साली इशारा दिला, की २०२५ च्या सुमारास फिती वाचण्याची साधने जवळजवळ दुर्मिळ होतील. ते वर्षही मागे पडले आहे. फीत शाबूत असूनही वाचता न येणे, हा प्रसंग ताडपत्राच्या वाचकांवर कधी आला नव्हता.

फितीवरून संगणकावर चित्र नेण्याची क्रिया म्हणजे पेटीतील वस्तू उचलून दुसऱ्या पेटीत ठेवणे नव्हे. तासाभराची फीत वाचण्यास पुरा एक तास लागतो, त्यात घाई चालत नाही. प्रथम फितीवरील बुरशी काढतात आणि यंत्राची शीर्षे स्वच्छ करतात. जुनी पट्टी किंचित ताणलेली असते, त्यामुळे चित्राच्या कडा लाटांसारख्या डुलतात. ओळींची वेळ पुन्हा जुळवून हा दोष दूर करणारे ‘टाइम बेस करेक्टर’ नावाचे यंत्र मध्ये बसवावे लागते. नंतर प्रत्येक चित्राचे ७२० बाय ५७६ बिंदूंत रूपांतर होते. कसलीही काटछाट न करता अशी प्रत ठेवावयाची, तर एका तासाला सुमारे पंचाहत्तर गिगाबाइट जागा लागते. जागा वाचविण्यासाठी चित्र अतिशय दाबून साठविले, तर बारकावे कायमचे जातात.

येथे लेखनिकांचा जुना अनुभव उपयोगी पडतो. एका लेखनिकाची चूक पुढच्या नकलेत उतरे, तिच्यात दुसऱ्याची भर पडे आणि चार पिढ्यांनी पाठ भ्रष्ट होई. फितीवरून फितीवर नक्कल करतानाही हेच घडते, प्रत्येक नकलेत रंग फिकट होतात आणि रेषा विरघळतात. पूर्वी दोन यंत्रे जोडून कॅसेटचे संकलन करीत, म्हणजे ग्राहकाच्या हाती येणारी प्रत मुळातच दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीची असे. १९९० च्या दशकात कोडंबाक्कमच्या चित्रपटसृष्टीत संगणकावरील संकलन आले आणि हे बंधन सुटले. संगणकातील प्रतीची हजारावी नक्कलही पहिलीइतकीच तंतोतंत असते. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की फितीवरून संगणकाकडे जाताना झालेली चूकही तितक्याच तंतोतंतपणे पुढे जात राहते. म्हणून निर्णायक ठरते ती पहिली उतरवणी.

आणि संकलनाचा मोह याच पायरीवर होतो. लांबलेला विधी, हललेला कॅमेरा, कोपऱ्यात भांडणारी मुले, मांडवाबाहेरची वर्दळ, हे सारे कापून नीटनेटका अर्धा तास तयार करावा आणि बाकीचे पुसून टाकावे, असे कोणासही वाटेल. याबाबत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण बोलके आहे. १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठही तळटीपांत जपून ठेवले. आज निरुपयोगी वाटणारा पाठ उद्याच्या अभ्यासकाला मोलाचा ठरेल, ही नम्रता त्यामागे होती. फितीबाबतही क्रम हाच असावा. आधी संपूर्ण, असंकलित प्रत, मग तिच्यावरून हवे तितके संकलन. मांडवाबाहेरची ती वर्दळ पन्नास वर्षांनी वरवधूंच्या छायेहून अधिक सांगू शकेल.

न जपलेल्या गोष्टींचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ १९३१ साली मुंबईत तयार झाला, आज त्याची प्रत उपलब्ध नाही. त्याच वर्षीचा आणि त्याच मुंबईतला ‘आलम आरा’ही तसाच नाहीसा झाला. उलटपक्षी, मद्रासच्या म्युझिक अकॅडमीत या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकावर उतरविलेल्या जुन्या मैफली बसून ऐकण्याची सोय झाली. एरवी हवेत विरले असते ते सूर तेथे नव्या पिढीच्या कानी पडतात.

संगणकातील प्रतही अमर नाही, हे मात्र विसरता येत नाही. तिच्या तबकड्या बिघडतात, तिची सांकेतिक भाषा जुनी होते, आणि काही वर्षांनी तिचीही नवी नक्कल करावीच लागते. तमिळ देशातील मठांना हे सांगावे लागले नसते. टिकते ती पोथी नव्हे, टिकते ती नक्कल करण्याची परंपरा, हे ते जाणून होते. ट्रंकेत निजलेल्या कॅसेटांना आज हवा आहे तो असा लेखनिक, आणि त्याला वाट पाहण्यास फार अवधी उरलेला नाही.