शब्दवेध : डाइम

अमेरिकेच्या दहा सेंटांच्या नाण्यास 'डाइम' म्हणतात. लॅटिन 'डेसिमा', म्हणजे दशमांश, यापासून जुन्या फ्रेंचमधील 'डिस्म' या रूपाने उतरलेला हा शब्द आपल्या 'दशम'चा दूरचा सगोत्र होय. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर जी पुस्तिका रचली, तिचे फ्रेंच नावही हेच होते. आणि डॉलरचे दशमान विभाग पाडणाऱ्या २ एप्रिल १७९२ च्या टांकसाळीच्या कायद्यात हाच शब्द, त्यातील अनुच्चारित 'स' कायम ठेवून, दाखल झाला. त्याच वर्षी पाडलेल्या पाच सेंटांच्या रौप्य नाण्यावर 'हाफ डिस्म' ही अक्षरे आहेत.

संग्राहक आज १ ते ७० अंकांच्या ज्या श्रेणीने नाण्यांची प्रतवारी लावतात, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी आखली होती. तिच्या हिशेबी झिजलेल्या हाफ डिस्मची प्रत उतरते हे खरे, परंतु ती झीजच, हे नाणे केवळ नमुन्यादाखल न राहता बाजारात हातोहात फिरले, याचा दाखला देते. 'स' मात्र चलनात टिकला नाही : दहा सेंटांच्या चलनी नाण्यावर १८३७ मध्ये मूल्य प्रथमच शब्दांत कोरले गेले, ते 'वन डाइम' असे.