त्यागाआड झाकलेला प्रश्न
1897 च्या प्लेगात पुण्याजवळ दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याचे आजारी पोर पाठीवर घेऊन त्या आल्या, असे सांगतात. 10 मार्चला प्लेगनेच त्या गेल्या. त्यांच्या त्यागाचा गौरव रास्तच, पण शुश्रूषा करणाऱ्याचे रक्षण हा रुग्णसेवेचाच भाग आहे, हे त्या गौरवात झाकले जाते. तेव्हा ज्ञानच नव्हते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, उंदरांवरच्या पिसवांचा प्लेगशी संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवला. 2020 च्या कोविड साथीत मात्र मास्क हवा हे रुग्णालयांना ठाऊक होते, तरी अनेक ठिकाणी परिचारिकांना एकच एन-95 पुन्हापुन्हा वापरावा लागला. परिचारिका आजारी पडली की तिच्या खाटा उरलेल्यांच्या वाट्याला येतात, आणि थकल्या हातून औषधाची मात्रा चुकण्याचा धोका वाढतो.