रिसोडची जागल आणि परवान्याची बंदूक

रिसोड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाशी आमचा जुना स्नेह आहे. मागे एकदा पावसाळा सरताना आम्ही त्यांच्याकडे गेलो असता घरधन्याने सात-बाऱ्याच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. ती पोलीस ठाण्याची पावती होती. वडिलांच्या निधनानंतर घरातील ठासणीची जुनी बंदूक ठाण्यात जमा केली, एवढाच तिचा मजकूर. आता वारस म्हणून नवा परवाना मागावा, की बंदूक कायमची सोडून द्यावी, याविषयी घरात दोन पक्ष पडले होते, आणि पाहुणे म्हणून आमचे मत विचारण्यात आले. आम्हांला त्या वेळी काही सांगता आले नाही. घरी परतल्यावर मात्र त्या कागदामागचा इतिहास आम्ही धुंडाळू लागलो.

वऱ्हाडात बंदूक ही एके काळी घराघरांतली नसली, तरी गावागावांतली वस्तू होती. देशमुखांच्या गढ्यांच्या बुरुजांना बंदुकीची नळी बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या जंग्या आजही पडक्या भिंतींतून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी हा मुलूख लुटला, तेव्हा रयतेला सरकारचा नव्हे, तर गढीचाच आधार होता. मुलूख निजामाचा, वसुली निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांची, आणि संरक्षण कोणाचेच नाही, अशी ती दशा होती. ज्याच्याजवळ हत्यार, त्याच्याभोवती गाव गोळा होई. आणि ज्याच्याजवळ हत्यार, तोच पुढे गावाला नाडी, हेही तितकेच खरे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८५९ मध्ये, रिसोडजवळच्या चिंचांबा या गावी एक लढाई झाली. ब्रिगेडियर हिल यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट रोहिल्यांच्या एका टोळीचा पाठलाग करीत होते. टोळीने चिंचांब्याचा आसरा घेतला आणि भिंतींच्या आडून फौजेला तोंड दिले. मोठ्या ग्रंथांत या चकमकीला एखाद-दुसरी ओळ मिळते. परंतु गावाच्या बाजूने पाहिले, तर त्या ओळीचा अर्थ निराळा दिसतो. भिंती गावकऱ्यांच्या, त्यांच्या आत शिरलेले सशस्त्र लोक परके, आणि बाहेरून गोळ्या झाडणारेही परकेच. दोन बंदुकांच्या मध्ये नि:शस्त्र घर सापडले म्हणजे काय होते, हे सांगणारा कागद कोणी लिहून ठेवलेला नाही.

सत्तावनच्या उठावाने इंग्रज सरकार हादरले होते. हत्यारे आणि दारूगोळा यांवर निर्बंध घालणारे कायदे १८५७ आणि १८६० मध्ये झाले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा आला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली झाला, हा योगायोग म्हणता येणार नाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच असल्याने इंग्रजी कायदे तेथे सरकारी हुकमाने लागू केले जात. कायद्याचा मूळ विचार साधा होता: परवान्यावाचून कोणी हत्यार बाळगू नये. एवढ्यावर कोणाचा आक्षेप नसता. खरा सल त्याच्या सवलतींत होता. युरोपियन व युरेशियन मंडळींना परवान्याची अट माफ होती आणि एतद्देशीयांना मात्र ती लागू होती. सार्वजनिक सुरक्षितता हा हेतू असता, तर कातडीच्या रंगाने सूट मिळाली नसती. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. हा वर्णभेद नियमांतून निघून जायला १९२० साल उजाडावे लागले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेही १९१८ मध्ये खेड्याच्या सैन्यभरतीच्या पत्रकात, साऱ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणे हे इंग्रजी राज्याचे अत्यंत काळे कृत्य होय, अशा आशयाचे लिहिले. पुष्कळांना हे वाचून नवल वाटते. परंतु ज्याच्या हाती हत्यार देण्याचा विश्वास नाही, त्याला नागरिक कसे म्हणावे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

हीच भावना १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात उतरली. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात नमूद झाला. सतरा वर्षांनंतर तो हक्क संविधानात आणण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, ते हरि विष्णु कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडातूनच संविधान सभेवर गेले होते. डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दिवसांत त्यांची सूचना सभेपुढे आली. त्यांच्यापाशी कराचीच्या ठरावाचा आधार होता. डॉ. आंबेडकरांनी सूचना स्वीकारली नाही. परकीय सरकार लोकांना हत्यार नाकारीत होते तेव्हा तो ठराव योग्य होता, आता परिस्थिती पालटली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय हक्क म्हटला की तो चोराला आणि खिसेकापूलाही द्यावा लागेल, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

त्या वर्षाची आठवण ठेवल्यावाचून हा वाद समजत नाही. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. ३० जानेवारी १९४८ रोजी ग्वाल्हेरमधून मिळविलेल्या पिस्तुलाने गांधीजींची हत्या झाली होती. रझाकारांच्या दहशतीने निजामाच्या सरहद्दीवरील वऱ्हाडची गावे वर्षभर धास्तावली होती, आणि १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईने ती धास्ती नुकतीच संपली होती. रिसोड हे त्या सरहद्दीच्या जवळचेच. म्हणजे बंदूक हवी असे वाटण्याची कारणे आणि बंदुकीची भीती वाटण्याची कारणे एकाच वर्षाने, एकाच मुलखाला दिली होती. संविधानाने अखेर शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. शस्त्र बाळगण्याचा दिला नाही. अमेरिकेने १७९१ मध्ये नेमकी उलटी वाट धरली होती, आणि त्या वाटेचे मोल तेथील शाळांनी वारंवार मोजले आहे. स्कॉटलंडमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत सोळा बालके व त्यांची शिक्षिका मारली गेली. मारेकऱ्याजवळच्या बंदुका परवान्याच्या होत्या. ब्रिटनने त्यानंतर खाजगी पिस्तुले जवळजवळ बंदच केली. परवाना हा रक्षणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हे त्या राष्ट्राने अशा रीतीने जाणले.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात शेतकऱ्याचा विचार आहे, हे आम्हांला विशेष वाटते. पिकाच्या संरक्षणाकरिता खरोखर गरज असेल, तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे. आमच्या स्नेह्याच्या आजोबांची बंदूक याच प्रकारची. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, पुन्हा गजाने ठासायचे आणि टोपी बसवायची. एवढे होईपर्यंत रानडुक्कर दोन शेते ओलांडून जाते! म्हणूनच म्हातारे म्हणत, की तिचा उपयोग आवाजापुरता. जागलीला गेलेला माणूस मचाणावर बसून मध्यरात्री एक बार काढी, आणि त्या आवाजाने रोह्यांचा कळप तेवढी रात्र दूर राही.

परवान्याच्या नूतनीकरणासाठी आजोबांना अकोल्यापर्यंत जावे लागे. वाशीम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला होता, तो पुन्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघे. ती निकालानंतर परत आणायची, हा रिवाज त्या घरातील मुलांनाही पाठ होता.

नियम पुढे कडक होत गेले. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनच बंदुकांची मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. आमच्या मते ही तरतूद फार उशिरा आली. २०१६ च्या नियमांनी बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण यांना महत्त्व दिले. वारसालाही परवाना मागता येतो. मात्र त्याची पात्रता नव्याने तपासली जाते. बंदूक वाडवडिलांची असते, परवाना ज्याचा त्याचा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रोही अथवा रानडुक्कर मारायचे, तर वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

हे सर्व घेऊन आम्ही दिवाळीनंतर पुन्हा रिसोडला गेलो. धाकट्या भावाचे म्हणणे पूर्वीचेच होते. सोयाबीन उगवल्यापासून तूर निघेपर्यंत जागल चुकत नाही. सुतळी बाँबला आता रोही दचकत नाहीत आणि बुजगावण्याच्या सावलीत डुकरे लोळतात. बंदूक असली, तर निदान माणसाला धीर येतो. हे म्हणणे खोटे नव्हते. ज्याने रात्रभर राखलेले शेत पहाटेच्या एका डुलकीत आडवे झालेले पाहिले आहे, त्याला शहरात राहून उपदेश करणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही.

वहिनी इतका वेळ चुलीपाशी होत्या. चहाचे पेले खाली ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, डुकराचं मले भेव नाही. पीक गेलं त्या साली हे तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तवा थे बंदूक ठाण्यात होती, घरात नव्हती. म्या देवाचे आभार मानले."

कोणी काही बोलले नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने विशेष मदत जाहीर केली, ती विदर्भातील सहा जिल्ह्यांना. त्यांत वाशीम होता. सार्वजनिक सुरक्षिततेचा विचार करताना आपण दरोडेखोराचा, गुंडाचा, माथेफिरूचा विचार करतो. कायद्याच्या इतिहासातही तोच विचार आहे, लिटनपासून आजपर्यंत. घराच्या आतल्या माणसापासून घरातल्या माणसाला जपायचे, ही गोष्ट आम्ही चाळलेल्या कोणत्याही चर्चेत आम्हांला एवढ्या स्पष्टपणे आढळली नव्हती. ती चुलीपाशी ऐकायला मिळाली.

घरधन्याने पावती पुन्हा पिशवीत ठेवली. अर्ज भरलेला नव्हता, फाडलेलाही नव्हता. अंधार पडल्यावर धाकटा भाऊ घोंगडी, बॅटरी आणि गोफण घेऊन जागलीला निघाला. आम्ही बांधापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. पलीकडच्या शेतातून कोणीतरी डबा वाजवीत होते.