दोन आम्लांमधला सामायिक प्रोटॉन

हायड्रोजन बंधात एक हायड्रोजन दोन अणूंच्या मध्ये धरला जातो. तो एका अणूचा असतो, दुसरा त्याला नुसता ओढतो. प्रथिनाची घडी टिकवणाऱ्या अशा असंख्य बंधांत एक प्रकार मात्र चमत्कारिक आहे: दोन आम्लधर्मी पार्श्वसाखळ्यांमधला बंध.

ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक या अमिनो आम्लांच्या पार्श्वसाखळीच्या टोकाला कार्बॉक्सिल गट असतो. रक्ताच्या ७.४ सामूला तो सहसा आपला प्रोटॉन सोडतो आणि ऋणभारित होतो. मग असे दोन गट एकमेकांना दूर ढकलायला हवेत. तरीही काही प्रथिनांत ते अगदी लगटून सापडतात, कारण दोघांत मिळून एक प्रोटॉन शिल्लक राहिलेला असतो.

परभणीत भाकरी-वरण जेवलेल्या माणसाच्या पोटात डाळीतली प्रथिने तोडणारे पेप्सिन अशाच जोडीवर चालते; त्यातली ॲस्पार्टिक आम्ले ३२ आणि २१५ क्रमांकाची. एचआयव्हीचे प्रोटिएज याच कुळातले. त्यात ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या असतात आणि प्रत्येकीतले २५ वे ॲस्पार्टिक आम्ल समोरासमोर येते. या कात्रीने विषाणूची लांब प्रथिने कापली नाहीत, तर नवे विषाणू अपक्वच राहतात, संसर्ग करू शकत नाहीत.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एम. व्ही. होसूर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. कापण्याची क्रिया स्फटिकातच घडली होती आणि दोन्ही तुकडे अजून विकराच्या खोबणीत होते. दोन ॲस्पार्टिक आम्लांच्या आतल्या ऑक्सिजन अणूंमधले अंतर भरले २.३० ॲन्गस्ट्रॉम. (एक ॲन्गस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) नेहमीच्या हायड्रोजन बंधात हे अंतर २.७ ते २.८ असते. इतक्या जवळ आल्यावर प्रोटॉन नेमका कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे जाताना त्याला जवळजवळ अडथळाच नसतो.

१.६५ ॲन्गस्ट्रॉम विभेदनाच्या त्या क्ष-किरण चित्रात प्रोटॉन स्वतः दिसलेला नाही, हे विसरू नये. अंतरावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. हायड्रोजन थेट पाहायला न्यूट्रॉन लागतात. पण औषध बनवणाऱ्याला तो कुठे आहे हे कळावेच लागते: सॅक्विनाविरसारखी औषधे नेमकी याच जोडीला आपला हायड्रॉक्सिल गट भिडवून कात्री अडवतात.