झाशीच्या राणीचे कागदी पोशाख

भागाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या मालिकेत आता हस्तकला सुरू झाली. तसं थोडंसं आहेही. व्हिडिओत मी कात्री आणि कार्डशीट समोर घेऊन बसले होते, इथे शब्दांवर भागवायचं आहे. पण विषय इतिहासाचाच. एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीचे कपडे काढायला बसलं की तिच्याबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे ते फार लवकर उघडं पडतं. 'राणीने वीरवेष धारण केला' असं लिहून पुढे जाता येतं. चित्र काढताना बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल हलत नाही.

आधी कागदी बाहुलीबद्दल थोडं. लंडनच्या एस. अँड जे. फुलर यांनी १८१० साली 'लिटल फॅनी' नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्यात सात पोशाखांच्या सात आकृत्या आणि सुटं डोकं एकच. ते डोकं एका पोशाखातून काढून दुसऱ्यात खोचायचं आणि गोष्ट वाचत जायचं. नटव्या फॅनीचे कपडे जातात, ती भीक मागते, मासे विकते, कष्ट करत करत पुन्हा घरी येते. सुरुवातीला तिच्या हातात बाहुली असते, शेवटी पुस्तक. उपदेश जरा बटबटीत आहे, पण युक्ती झकास. कपडा बदलला की माणसाची पायरी बदलते, चेहरा मात्र तोच राहतो.

एकोणिसाव्या शतकातल्या काही बाहुल्यांच्या पोशाखांना पुढची आणि मागची अशा दोन बाजू असत. दोन्ही कागद खांद्यावर चिकटवलेले, झबल्यासारखे डोक्यावरून घालायचे. मग बाहुल्या मासिकांत छापून येऊ लागल्या. अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक'ने १८५९ मध्ये छापली. एका पानावर जे मावेल ते, म्हणून हळूहळू पुढची बाजू तेवढी राहिली आणि तिला दुमडायच्या पट्ट्या आल्या. आज आपण कागदी बाहुली म्हणतो ती हीच. टॉम टिअर्नी या अमेरिकी चित्रकाराने १९७४ पासून पुढे अशी शेकडो पुस्तकं काढली, राजेराण्यांपासून सिनेनटांपर्यंत. ऐतिहासिक पोशाखांची बाहुली काढणारा जवळजवळ प्रत्येक जण कळत नकळत त्यांच्याच वाटेने जातो.

या सगळ्या रचनेत एक गृहीत दडलेलं आहे. कपडा शिवलेला असणार आणि तो खांद्यावरून खाली लोंबणार. म्हणून तर पट्ट्या खांद्यावर. आपलं नऊ वार लुगडं खांद्यावर लोंबत नाही. ते कमरेला कसलं जातं, पायांमधून मागे जातं, मागे खोचलं जातं, आणि उरलेलं छातीवरून खांद्यावर येतं. त्याचा सगळा जीव पाठीमागच्या काष्ट्यात. आणि कागदी बाहुलीला पाठच नसते!

इंदूरला माझ्या रविवारच्या वर्गात मुलं-मुली ऐतिहासिक बाहुल्या काढतात. मराठी घरं, गुजराती घरं, एक दोन मल्याळी, सगळ्यांची पहिली मागणी एकच: झाशीची राणी. तेव्हा तिचीच घेऊ.

पहिला प्रश्न पोशाखाचा नाही, मूळ बाहुलीचा. युरोपी पद्धतीत ती अंतर्वस्त्रात छापतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. लक्ष्मीबाईंना तसं काढायला माझा हात धजावणार नाही, आणि मुलींनाही ते रुचत नाही. बरं, मूळ बाहुलीला लुगडंच नेसवलं तर त्यावर पायजमा बसणार कसा? म्हणून मी मूळ आकृतीला अंगाबरोबर बसणारी पांढरी चोळी आणि घोट्यापर्यंत अरुंद विजार देते. हात अंगापासून दोन बोटं सुटे, एक पाय किंचित पुढे, केस मागे घट्ट बांधलेले. अंबाडा समोरून दिसत नाही, त्यामुळे पागोट्याला चीर देऊन ते डोक्यावर सरकवता येतं. बाहुलीला जाड कार्डशीट, कपड्यांना पातळ कागद. नवा कपडा काढताना बाहुली खिडकीच्या काचेवर धरून त्यावरूनच बाह्यरेषा उतरवायची.

आता पोशाख. माझा नियम असा की प्रत्येक कपड्याच्या दुमडायच्या पट्टीवर तो कुठून आला ते लिहायचं.

पहिला कपडा जॉन लँगचा. कंपनीने झाशी खालसा केली तेव्हा, १८५४ मध्ये, राणीने सल्ल्यासाठी या वकिलाला बोलावलं. भेट पडद्याआडून झाली. बोलता बोलता छोट्या दत्तकपुत्राने पडदा बाजूला सारला आणि क्षणभर लँगला राणी दिसल्या. १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं: साधी, अतिशय तलम पांढरी मलमल अंगाभोवती लपेटलेली, आणि कानातल्या सोन्याच्या दागिन्यांखेरीज अंगावर दागिना नाही. बस. किनार होती का, पदर कोणत्या खांद्यावर, काहीही नाही. अशा वेळी मी मुलांना किनार काढू देत नाही. कुरकुर होते, कारण पांढऱ्या कागदावर पांढरं लुगडं म्हणजे रंगवायला काही उरतच नाही, नुसत्या घड्यांच्या राखी रेषा. पण पुरावा तेवढाच आहे.

दुसरा आणि तिसरा कपडा आपल्या विष्णुभट गोडसे यांचा. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी बऱ्याच वर्षांनंतर लिहिला, छापला गेला १९०७ मध्ये. त्यांच्या नजरेला कपडे दिसतात, आणि यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. राणी कधी पुरुषवेषात असत: पायजमा, गडद निळी बंडी, डोक्याला टोपी आणि त्यावर पागोटं, कमरेला दुपेटा, त्यात तलवार. कधी स्त्रीवेषात: पांढरं पातळ, पांढरी चोळी, हातात बांगड्या, गळ्यात मोत्यांचा कंठा. नवरा गेल्यानंतर नथ मात्र नाही.

इथे वर्गात दरवेळी शांतता पसरते. कारण प्रत्येकाच्या डोक्यातली राणी कॅलेंडरवरची असते. भरजरी लुगडं, नाकात नथ, पाठीशी बाळ. तो चौथा कपडा. तोही आम्ही काढतो, आवडीने काढतो, त्यात रंग भरायला मिळतात. फक्त त्याच्या पट्टीवर 'कल्पना' असं लिहायचं. काही पालकांना हे खटकतं. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "ताई, नथ काढून तुम्ही राणीला लहान करता आहात का?" मी त्यांना निळी बंडी दाखवली. अठ्ठावीस-तिशीच्या आतली विधवा पागोटं बांधून दरबारात बसते, हे चित्र मला नथीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. आजोबांना ते पटलं असं नाही, पण नातवाच्या पागोट्याला तुरा त्यांनीच कापून दिला.

कल्पनेला मी कमी लेखत नाही. एका मुलीने राणीला ढगांचं चिलखत आणि घोड्याला पंख दिले होते, तो कागद अजून माझ्या भिंतीवर आहे. आणि आपल्याकडे ही हौस जुनीच. रविवर्मांच्या छापील चित्रांवर लोक टिकल्या, जर आणि खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून लक्ष्मी-सरस्वतीला सजवत असत. त्याला कागदी बाहुलीची सख्खी बहीणच म्हणायचं. खटकतं ते एवढंच की कल्पना इतिहासाची पट्टी लावून येते.

उरलं पाठीवरचं मूल. गोडसे सांगतात की राणीने मुलाला पाठीशी बांधून किल्ला सोडला. तो एप्रिल १८५८. दामोदर दत्तक आला नोव्हेंबर १८५३ मध्ये, तेव्हा तो पाच वर्षांच्या आसपास होता. म्हणजे किल्ला सोडताना नऊच्या आसपास. कॅलेंडरवरचं, पुतळ्यांवरचं ते झोळीतलं बाळ नाही, चौथीतला मुलगा! मापाने काढून पाहा. राणीचा कागद वीस सेंटिमीटर उंच धरला तर मुलगा सहज पंधराच्या घरात जातो. त्याचं डोकं तिच्या डोक्यामागून वर येतं, गुडघे तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी पुढे दिसतात, आणि छातीवर कापडाच्या गाठीचा ताण पडतो. असं ओझं घेऊन घोडा.

हा पोशाख एका बाजूने काढताच येत नाही. म्हणून यासाठी आम्ही जुनी पद्धत घेतो: पुढचा कागद, मागचा कागद, खांद्यावर डिंक. मागच्या कागदावर बंडी, दुपेट्याचं टोक आणि बांधलेला दामोदर. मुलगा जाड कार्डशीटचा कापून वर चिकटवायचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. त्या वजनाने बाहुली मागे कलंडते, त्यामुळे उभी करायची तळाची पट्टी नेहमीच्या दोन सेंटिमीटरऐवजी चार सेंटिमीटर रुंद ठेवा, आणि ती मागच्या बाजूला.