चित्र कुणाचं, रंगाचा पैसा कुणाचा?



औंधचा राजा स्वतः चित्रं काढायचा, असं मी मागं एका बैठकीत बोललो. एक कार्यकर्ता लगेच म्हणाला, "काढीना का! बामणाच्या राजाशी आपला काय संबंध?"

संबंध आहे. आणि तो नीट तपासला पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म १८६८, गादीवर बसले १९०९ साली. संस्थान उणंपुरं ७२ गावांचं, तेही तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं. औंध खटाव तालुक्यात, म्हणजे साताऱ्याकडं. आटपाडी, कुंडल आज सांगली जिल्ह्यात. या माणसाला चित्रकलेचं वेड. स्वतःच्या हातानं रामायणाची चित्रं काढून १९१६ साली त्यांनी मुंबईत सचित्र ग्रंथ छापून घेतला. १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची संशोधित आवृत्ती काढायला एक लाख रुपये देऊ केले. ती आवृत्ती सचित्र व्हावी ही त्यांचीच इच्छा, आणि तिच्यासाठी त्यांनी चित्रंही काढली. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. स्वतः उभं राहून कीर्तनं केली. १९३८ साली औंधच्या डोंगरावर, यमाईच्या वाटेला, चित्रांचं संग्रहालय बांधलं. १९३९ साली गांधींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली, तिथं कैद्यांना बेडीशिवाय ठेवलं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच सुचला.

हे सगळं खरं आहे आणि ते मान्य करायचं. बाकीचे संस्थानिक घोडे, मोटारी आणि शिकारीवर पैसा उधळत होते. हा माणूस कागद, रंग आणि पुस्तकावर खर्च करत होता. दुसऱ्याचं श्रेय नाकारून आपला इतिहास मोठा होत नाही.

मी सूतगिरणीत कामाला. साप्ताहिक सुट्टी धरून दोनदा औंधला गेलो. तिथं रवी वर्मा आहे, धुरंधर आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातली आई आणि मूल आहे. मला चित्रकलेचं शिक्षण नाही. पण धागा कुठं तुटला हे ज्या डोळ्याला कळतं, त्याला चांगली रेघ पण कळते. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. शाळेची सहल आली होती. पोरं रांगेनं पुढं सरकत होती. देव, राजा, राणी, ऋषी. मास्तर नाव सांगत होते, पोरं मान हलवत होती.

तिथं मला दोन प्रश्न पडले.

पहिला प्रश्न पैशाचा. दान राजानं दिलं, पण त्याच्याकडं पैसा आला कुठून? औंध ज्या खटाव तालुक्यात, त्याच तालुक्यात कटगुण आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा फायदा मात्र वरचे वर्ग घेतात, हे त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितलं. तोच हिशोब संस्थानाला लावा. शेतकऱ्यानं सारा भरला. महारानं वतनाच्या नावाखाली गावाची राबणूक केली, सांगावे पोचवले, मेलेलं ढोर ओढलं, आणि बदल्यात शिळी भाकर घेतली. इंग्रजी मुलखात हे वतन बदलायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. त्या लाख रुपयांत असल्या राबणुकीचाही वाटा आहे. ग्रंथाच्या पहिल्या पानावर दात्याचं नाव छापतात. राबणाऱ्याचं छापत नाहीत.

दुसरा प्रश्न विषयाचा. राजानं रामायण, महाभारत निवडलं. त्या काळच्या बहुतेक चित्रकारांनी तेच निवडलं. चित्राची ताकद आपण कमी समजू नये. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण धनुष्य बघून ती राम ओळखायची. कॅलेंडरनं शिकवलेलं. पोथी वाचायला बंदी होती त्यांच्या घरात पोथी अशी चित्रातून शिरली. राजाचा चित्रग्रंथ १९१६ चा. त्यानंतर वीस वर्षांनी, १९३६ साली, बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात शंबूकाची हत्या उलगडून दाखवली. चातुर्वर्ण्य टिकवायचं तर दंड लागतोच, आणि रामाच्या हातून झाला तो तोच दंड, हे सांगितलं. कॅलेंडरवाल्यांनी धनुष्य घराघरात पोचवलं. शंबूक आम्हाला भाषणातून कळला.

आता त्याच मातीतली दुसरी चित्रं बघा.

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ नंबरला 'भिवा' हे नाव लिहिलं गेलं. त्याच शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. तो दिवस २०१७ पासून सरकारनं विद्यार्थी दिवस ठरवलाय.

१९०१. मसूर स्टेशन. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाचरांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघालाय. कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. महाराची पोरं कळताच मागं सरला. गाडीवानानं दुप्पट भाडं घेतलं आणि बैलगाडी पोरांनाच हाकायला लावली, स्वतः शेजारून चालला. रात्रभर पोरांना पाणी मिळालं नाही. जवळ शिदोरी, पण घसा कोरडा, घास गिळायचा कसा?

आटपाडी, औंध संस्थान. १९२१ साली महारवाड्यात शंकरराव खरात जन्मले. घरात तराळकी. शिकून वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'तराळ अंतराळ' १९८१ साली आलं. राजाच्या संस्थानाचं हे दुसरं चित्र, गावकुसाबाहेरून काढलेलं, आणि त्याला रंगाचा पैसा लागला नाही.

वाटेगाव, वाळवा तालुका. १९२० साली मांगवाड्यात अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळा दीड दिवसाची. मुंबईत गिरणीत राबले. १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.

ही चित्रं शब्दांत आली, कारण शब्दाला फक्त शाई लागते. कुंचल्यातून यायला वेळ लागला. मसूरची ती बैलगाडी 'भीमायन' या चित्रपुस्तकात २०११ साली आली. काढणारे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम, मध्य प्रदेशातले परधान गोंड कलावंत. त्यांना राजाश्रय नव्हता. भिंती लिंपणाऱ्या लोकांची कला घेऊन ते आले. १९०१ ते २०११, एकशे दहा वर्षं. साताऱ्याची तहान रेघेत उतरायला आदिवासी हात लागला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवायची.

तेव्हा त्या बैठकीतल्या दोस्ताला माझं उत्तर असं. औंधला जा. चित्रं बघ. रेघ शिकून घे, कारण रेघेला जात नसते, विषय निवडणाऱ्याला असते. मग परत येऊन काम कर. आपल्यात हात असलेली पोरं आहेत. ती पाट्या रंगवतात, जयंतीचे बॅनर करतात, निळ्या झेंड्यावर अशोकचक्र काढतात. त्यांना चौदा एप्रिलपुरतं बोलावून भागणार नाही. त्यांना विषय द्या. भिवाचं रजिस्टर, मसूरचं स्टेशन, कटगुण, आटपाडीचा महारवाडा, वाटेगावची दीड दिवसाची शाळा. पाच-पाच चित्रं झाली तरी पुष्कळ. ड्रॉइंगचा कागद, काळी शाई, दोरी आणि चिमटे. या अंकाच्या स्टेन्सिलवर सुईनं ओढलेली रेघ सुद्धा चालेल. ७ नोव्हेंबरला जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांकडं एक वर्ग मागा. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहा. कागदाला पैसे देणाऱ्याचं लिहा. ज्याच्या आयुष्यावरून चित्र काढलं, त्याचं सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा.

जयभीम.